उटी

गिरणारे मागे पडलं की टोमॅटोचे क्रेट संपतात,
वाघेऱ्याच्या घाटात हवा कानांना लागते
आणि कितव्यातरी वळणानंतर डावीकडे
डांबर सोडून एक वाट खाली उतरते.
पाटी नाही, मैलाचा दगड नाही,
पळसाच्या खोडाला कुणी बांधलेली
निळ्या प्लास्टिकची चिंधी फक्त.

"जात असेल कुठेतरी," प्रभंजन म्हणाला.
रस्ता कुठे जातो यापेक्षा
दुसरा गियर पडतो का, याचीच त्याला काळजी.
जीप त्याच्या वडिलांनी लिलावात घेतलेली, वनखात्याची.
दारावरची अक्षरं अजून पुरती पुसलेली नाहीत;
त्यामुळे आम्ही दिसलो की
लाकडाच्या मोळ्या आधी झुडपात जातात,
मग माणसं हसत बाहेर येतात.

वाट म्हणजे दोन चाकोऱ्या
आणि मधे उभं गवत,
जे जीपच्या पोटाला खालून
सगळा वेळ काहीतरी सांगत राहतं.
दोन्ही अंगांना खुरासणी फुललेली.
पिवळी, म्हणायला मी तोंड उघडलं
आणि मिटलं.
हळद पिवळी. शाळेची बस पिवळी.
त्या उताराला दुसरा शब्द हवा होता,
तो मला अजून सापडलेला नाही.

मागच्या डोंगरावरचं पाणी पूर्वेला, गोदावरीला.
इथलं पश्चिमेला, दमणगंगेला.
मधली रेघ केव्हा ओलांडली
आम्हाला कळलं नाही.
आम्ही तेव्हा बहुधा
भेळेच्या पुडीवरून भांडत होतो.

पुढे ओहोळ, पुढे मुरूम वाहून गेलेला चढ,
धोंडे उघडे पडलेले.
अर्ध्यावर इंजिन गेलं.
हँडब्रेक आहे, पण शोभेचा.
इंच इंच मागे सरकायला लागलो,
मागे दरी, दरीत कुणाचीतरी
बुटक्या बांधांची, कापणी झालेली खाचरं.

तेव्हा ती आली. नऊ-दहा वर्षांची,
भावाचा शर्ट, काखेत शेळ्यांची काठी.
विचारलं काहीच नाही.
बांधातला एक काळा दगड उपसून
पोटाशी धरून धावत आली
आणि मागच्या चाकाखाली सारला.
जीप एकदा कण्हली, थांबली.
"उटी लावली," ती म्हणाली, हात शर्टाला पुसत.

उटी.
आमच्या घरी हा शब्द चंदनाचा होता,
चैत्रातल्या दुपारचा,
देवाच्या कपाळावर आईची तीन बोटं.
इथे तो पाच किलोंचा,
खालच्या बाजूला ओली माती
आणि एक घाबरलेली गोम.

नाव रविता. रविता काळू गावित.
पाडा किती लांब?
"दोन हाळ्या."
म्हणजे एक हाक जिथे विरते
तिथून पुढे आणखी एक.
खरं वाटलं नाही आम्हाला, म्हणून
तिनं टेकडीकडे तोंड करून हाळी दिली.
बऱ्याच वेळानं पलीकडून
आधी कुत्रं, मग एक बाई, मग पुन्हा कुत्रं.

पाड्याचं नाव सांगणार नाही.
कोरा चहा होता, गुळाचा.
एका म्हाताऱ्यानं दारावरची अक्षरं
नखानं खरवडून पाहिली
आणि म्हणाला, रंग चांगला आहे.

परतताना अंधार.
घरी आल्यावर दिसलं, दगड जीपमध्येच.
चढ चढल्यावर कुणी उचलून टाकला
यावर आमचं एकमत नाही.

आता तो कॉलेज रोडच्या पार्किंगमध्ये
मागच्या चाकाला लावलेला असतो,
जिथे फरशी इतकी सपाट
की सांडलेलं पाणीही कुठे जावं ते ठरवत नाही.
वॉचमन झाडू त्याच्या भोवतीनं फिरवतो.
परत नेऊन ठेवू, प्रभंजन म्हणतो, येत्या रविवारी.
सहा रविवार झाले.

तिथे बांधात एक दगड कमी आहे.
पुढच्या आषाढात त्या खाचरातलं पाणी
त्या भगदाडातून
थोडं लवकर दमणगंगेला जाईल.